टँकरवरचा डबा आणि त्याच्या रिकाम्या वायरी

आज एक छोटं काम सांगतो. तुमच्या जवळपास एखादा टँकर, टिप्पर किंवा शाळेची बस उभी असेल तर ड्रायव्हरला विचारून डॅशबोर्डच्या खाली डोकावून बघा. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा काळा डबा दिसेल आणि त्यातून निघालेला वायरींचा झुपका. त्यातल्या दोन-तीन वायरी कुठेतरी जोडलेल्या असतील. उरलेल्या तशाच गुंडाळून, काळी टेप मारून ठेवलेल्या असतील. आजचा भाग त्या टेप मारलेल्या वायरींवर आहे. त्या तिथे का आल्या, कुणी आणल्या, आणि आमच्या बीड जिल्ह्यात त्यांच्यामुळे, खरं तर त्या रिकाम्या राहिल्यामुळे, काय झालं.

गोष्ट २०१९ च्या उन्हाळ्याची. आदल्या वर्षी पाऊस गेला होता. ऑक्टोबर २०१८ मध्येच सरकारने राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. जून २०१९ उजाडेपर्यंत महाराष्ट्रात सहा हजारांच्या वर टँकर पळत होते, आणि त्यातले शेकडो एकट्या बीडमध्ये. मी बीटेकची शेवटची परीक्षा देऊन आष्टी तालुक्यात मामांच्या वाडीवर आलो होतो. पुण्यात गाड्यांचे ट्रॅकर बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली होती, जुलैत हजर व्हायचं होतं. मामांना एवढंच कळलं होतं की भाचा जीपीएसवाला झालाय.

मामांची स्वतःची गाडी होती, बारा हजार लिटरचा टँकर. ठेकेदाराकडे लावलेला. तलावाखालच्या विहिरीवर भरायचा, दोन वाड्यांच्या विहिरीत ओतायचा, दिवसाला तीन फेऱ्या. टँकरचं पाणी विहिरीत ओतायचं आणि मग बायकांनी ते पोहऱ्याने शेंदायचं, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना विचित्र वाटेल. पण बहुतेक वाड्यांवर तेवढं पाणी साठवायला दुसरी जागाच नसते.

मी पोचलो त्या संध्याकाळी मामा बाजेवर बसले होते, हातात ठेकेदाराने दिलेला कागद. महिन्याच्या नऊ फेऱ्या कापल्या होत्या. कारण लिहिलं होतं, ‘जीपीएसवर थांबा नाही’.

"मी पाणी वतलं नाही म्हणायलेत," मामा म्हणाले. "गावाला इचारा ना मग. ते डबडं काय सांगायलंय अन् मी काय करायलोय, कशाचा कशाला मेळ नाही. तू बघ रे जरा, तुझ्याच धंद्यातलं आहे."

खरं सांगतो, माझ्या धंद्यातलं अजून काहीच मला येत नव्हतं. पण सकाळी मी डॅशबोर्डखाली आडवा झालो.

आता इथे थोडं मागे जाऊ, कारण मामांचं भांडण नवं नाही. ड्रायव्हर एक सांगतो, गाडीतलं यंत्र दुसरं सांगतं, आणि पैसे देणारा यंत्राचं ऐकतो, हे सगळं जगात जीपीएसच्या कितीतरी आधी होऊन गेलं आहे.

यंत्राच्या आधी कागद होता. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. निजामाच्या सरकारी रेल्वेने जून १९३२ मध्ये स्वतःचं बसखातं सुरू केलं, पहिल्या दिवशी २७ बस घेऊन. पुढे राज्यं बदलली, मराठवाड्याची बससेवा एसटीत आली. पण गाडी कुठे आहे हे कळायची पद्धत तशीच राहिली. कंडक्टरचं वेबिल, ड्रायव्हरचं लॉगशीट आणि स्टँडावरच्या कंट्रोलरच्या वहीतली वेळ. गाडी पाटोद्याला किती वाजता पोचली हे पाटोद्याचा कंट्रोलर लिहील तेव्हा. दोन स्टँडांच्या मध्ये गाडी कुणालाच दिसत नाही. त्या मधल्या भागात ड्रायव्हर स्वतःचा मालक.

युरोपने ही मधली जागा बंद करायचं ठरवलं ते टॅकोग्राफने. घड्याळासारखं यंत्र, आत कागदाची गोल चकती, सुई त्यावर गाडीचा वेग आणि थांबे कोरत जाते. जर्मनीत मोठ्या गाड्यांना ते १९५० च्या दशकातच सक्तीचं झालं. १९७० मध्ये युरोपियन समूहाने सगळ्या सदस्य देशांसाठी नियम केला. ब्रिटनमधल्या लॉरी ड्रायव्हरांनी मात्र त्याला ‘केबिनमधला हेर’ म्हटलं आणि संघटनांनी इतका विरोध केला की ब्रिटिश सरकार नियम लागू करायलाच तयार होईना. शेवटी प्रकरण युरोपच्या न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये ब्रिटन हरलं. आपल्याला शाळेत औद्योगिक क्रांती शिकवतात, गिरण्यांतला भोंगा शिकवतात. हा खटला कुणी शिकवत नाही. पण तुमचा डिलिव्हरीवाला मोबाईलवर ‘पोचलो’चं बटण दाबतो ना, त्याची वंशावळ या चकतीपर्यंत जाते.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. टॅकोग्राफची चकती गाडी चालवणाऱ्याच्याही बाजूने बोलायची. ठरलेल्या तासांपेक्षा जास्त गाडी चालवायला मालकाने लावलं, तर ते चकतीवर कोरलेलं असायचं. साक्षीदार म्हणून यंत्र वाईट नाही. प्रश्न एवढाच असतो की त्याला काय काय दिसतं, आणि त्याचे डोळे कुणी लावले.

मामांच्या डब्याचे डोळे चुकीचे लावले होते. साधी गोष्ट होती, पण मला कळायला अर्धा दिवस गेला.

ट्रॅकरला कमीत कमी तीन वायरी लागतात. लाल वायर बॅटरीच्या प्लसला, थेट, मध्ये फ्यूज घालून. काळी वायर अर्थिंगला, म्हणजे गाडीच्या बॉडीला. आणि तिसरी इग्निशनची, जी फक्त चावी चालू की बंद एवढं डब्याला सांगते. डबा जगतो लाल वायरीवर, इग्निशन ही त्याच्यासाठी फक्त बातमी. ज्याने मामांचा डबा बसवला त्याने वेळ वाचवला होता. लाल आणि इग्निशन दोन्ही वायरी एकत्र पिळून चावीच्या लायनीला जोडून दिल्या होत्या. म्हणजे चावी बंद झाली की डब्याचा वीजपुरवठाच बंद. अशा वेळी डब्यातली छोटी बॅटरी काही तास तग धरायला हवी. मामांच्या डब्यातली फुगून बाद झाली होती.

आता बघा काय व्हायचं. मामा विहिरीवर पोचले, गाडी लावली, चावी बंद केली, वाल्व उघडला. वीस-पंचवीस मिनिटं पाणी ओतलं. त्या वेळात डबा मेलेला. चावी फिरवली, डबा जागा झाला, सॅटेलाईट शोधेपर्यंत गाडी पुढे निघालेली. ठेकेदाराच्या रिपोर्टला फेरी धरायला गावात ठरावीक मिनिटांचा थांबा दिसावा लागायचा. तिथे फक्त भोक दिसत होतं. ज्या फेऱ्यांना मामांनी घाईत इंजिन चालूच ठेवलं होतं, त्या मंजूर झाल्या होत्या. डिझेल वाचवायला ज्या वेळी इंजिन बंद केलं, त्या कापल्या गेल्या.

मी हे सांगितल्यावर मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे डिझेल जाळलं अस्तं तर पैसे भेटले अस्ते?"

हो मामा. तसंच.

लाल वायर बॅटरीला जोडली, फ्यूज घातला, आतली बॅटरी नगरहून मागवून बदलली. काम इथे संपायला हवं होतं. पण त्याच वेळी मामांनी झुपक्यातल्या टेप मारलेल्या वायरी बोटाने उचलून विचारलं, "अन् ह्या कशाच्या?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नव्हतं. आता देता येतं.

त्यातल्या तीन वायरी होत्या सिरियल पोर्टच्या. एक बोलायची, एक ऐकायची, एक अर्थ. याला म्हणतात आरएस-२३२, आणि हे मानक १९६० चं आहे. तेव्हा जीपीएस नव्हतं, मोबाईल नव्हता, मायक्रोप्रोसेसरही नव्हता. टेलिफोनच्या तारेवरून मजकूर पाठवायला अमेरिकेत टेलिप्रिंटर मोडेमला जोडायचे. दोन वेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांना जोडता यावीत म्हणून तिथल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या संघटनेने कुठल्या पिनवर काय आणि किती व्होल्ट हे ठरवून दिलं. नावातले ‘आरएस’ म्हणजे ‘शिफारस केलेलं मानक’ एवढंच. सक्ती नव्हती. पण ते इतकं साधं होतं की मरेना. कॉम्प्युटरच्या मागे आलं, कारखान्यातल्या यंत्रांवर आलं, आणि साठ वर्षांनी आष्टीच्या टँकरमध्ये टेपखाली झोपलेलं सापडलं.

हे पोर्ट जोडताना नव्या माणसाच्या दोन चुका ठरलेल्या. मी दोन्ही केल्या. पहिली, बोलायची वायर बोलायच्या वायरीला जोडणं. दोघेही बोलतायत, ऐकतंय कुणीच नाही. वायरी उलटसुलट कराव्या लागतात, याचं तोंड त्याच्या कानाला. दुसरी चूक वेगाची. दोन्ही बाजूंचा बोलण्याचा वेग एकच नसेल तर स्क्रीनवर चौकोन आणि प्रश्नचिन्हं पडतात. तिसरी चूक माझी वाचली ती नशिबाने. आरएस-२३२ चं व्होल्टेज प्लस-मायनस दोन्हीकडे पंधरापर्यंत जातं, आणि हल्लीच्या चिपला तीन-साडेतीनच्या वर सोसत नाही. मधल्या कन्व्हर्टरशिवाय जोडलं की धूर. नोकरीच्या पहिल्या वर्षात मी दोन बोर्डं अशी जाळली आहेत.

लॅपटॉप लागला आणि डब्याचं बोलणं दिसायला लागलं. दर काही सेकंदांनी एक ओळ. वेळ, अक्षांश, रेखांश, वेग, इग्निशन. आणि शेवटाकडे चार शून्यं. प्रत्येक ओळीत. ०००० चा अर्थ मला तेव्हा कागद शोधून बघावा लागला. ती चार डिजिटल इनपुटं होती. डब्याला चार कान होते ज्यांना बाहेरचं काहीही जोडता येत होतं. चारही कानांवरून डबा दर ओळीत इमानदारीत कळवत होता, काही ऐकू येत नाही, काही ऐकू येत नाही.

आता ओळीतला अक्षांश-रेखांश कुठून आला ते पटकन. जीपीएस हे अमेरिकन लष्कराचं. पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला. १ सप्टेंबर १९८३ ला कोरियाचं एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं, २६९ माणसं गेली. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांच्या सरकारने जाहीर केलं की ही यंत्रणा तयार झाली की सामान्य लोकांनाही फुकट वापरता येईल. पण सामान्यांच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळलेली असायची, साधारण शंभर मीटरपर्यंतची. शंभर मीटरमध्ये आमच्या वाडीची विहीर, शाळा आणि शेजारच्याचा ऊस सगळं येतं. २ मे २००० ला ही मिसळलेली चूक बंद झाली. टँकर विहिरीवर होता की रस्त्यावर, हा वाद यंत्राने मिटवायचा म्हटलं तर तो त्या तारखेनंतरच शक्य होता.

पण गाडी कुठे आहे एवढ्यावर धंदा कधीच थांबला नव्हता. अमेरिकेत १९८८ मध्ये क्वालकॉमने ट्रकसाठी ऑम्नीट्रॅक्स नावाची उपग्रहावरून निरोप पाठवायची सोय आणली. हो, तीच क्वालकॉम, तुमच्या मोबाईलच्या चिपवाली, तिचं सुरुवातीचं पोट ट्रकवाल्यांनी भरलं. त्यात ड्रायव्हरसमोर कीबोर्ड आणि स्क्रीन होता. म्हणजे बाहेरचं उपकरण पहिल्या दिवसापासूनच डब्याला जोडलेलं होतं. मालकांना नुसती जागा नको होती. माल उतरला का, दार उघडलं का, थंड डब्याचं तापमान किती, हे सगळं हवं होतं. त्यासाठी डब्याला तोंडं फुटत गेली. दार किंवा बटणासाठी हो-नाही सांगणारं डिजिटल इनपुट. डिझेलच्या काट्यासाठी कमी-जास्त मोजणारं ॲनालॉग इनपुट. एकाच वायरीवर तापमान आणि ड्रायव्हरची ओळख सांगणारी वन-वायरची चिप, जिच्या प्रत्येक नगावर वेगळा क्रमांक कोरलेला असतो. लांब गाडीत एकाच जोडीवर अनेक सेन्सर टांगायला आरएस-४८५. आणि बॉशने १९८६ मध्ये जाहीर केलेली कॅन बस, ज्यावर इंजिन स्वतःच बोलतं. कॅनवर वेगळा भाग करता येईल, तो पुन्हा कधीतरी.

भारतात या डब्याला सरकारी रूप आलं ते एका भयंकर घटनेतून. १६ डिसेंबर २०१२, दिल्ली, बस. ती घटना तुम्हाला सांगायची गरज नाही. त्यानंतर प्रवासी गाड्यांत ट्रॅकर आणि आपत्कालीन बटण असावं अशी मागणी पुढे आली. रस्ते वाहतूक मंत्रालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये मोटार वाहन नियमांत १२५-एच हा नियम घातला. अंमल एप्रिल २०१८ चा ठरला, मग पुढे सरकून १ जानेवारी २०१९ नंतर नोंदणी होणाऱ्या नव्या गाड्यांपासून सुरू झाला. यंत्र कसं असावं हे सांगणारं मानक म्हणजे एआयएस-१४०. ते छापलं पुण्याच्या एआरएआय या संस्थेने. नोकरीला लागल्यावर पहिले दोन महिने मी तेच वाचत होतो.

मानक म्हणजे कंटाळा, असं तुम्हाला वाटेल. पण त्यात एक ओळ आहे जी मला आवडते. डब्याला कमीत कमी चार डिजिटल, दोन ॲनालॉग आणि एक सिरियल जोडणी असलीच पाहिजे, बाहेरची उपकरणं जोडायला. बटणाला एकच इनपुट पुरलं असतं. तरी त्यांनी सात तोंडं मागितली. लिहिणाऱ्यांना माहीत होतं की पुढे कुणाला काय जोडावंसं वाटेल ते आज सांगता येत नाही.

आणि बटणाबद्दल एक बारीक गोष्ट. मानक सांगतं की आपत्कालीन बटण ‘नॉर्मली क्लोज्ड’ असावं. आपल्या घरातली बेल दाबल्यावर सर्किट जुळतं. हे बटण उलटं, दाबल्यावर सर्किट तुटतं. का? कारण घरच्या बेलेची वायर कुणी कापली तर बेल कायमची गप्प होते आणि कुणाला पत्ता लागत नाही. उलट्या बटणाची वायर कापली की डब्याला ते लगेच कळतं, कारण त्याच्या दृष्टीने सर्किट तुटलं. बसमध्ये ज्याला गैर करायचं आहे तो आधी वायर कापेल, हा विचार कुणीतरी टेबलावर बसून केला आहे.

मामांचा डबा काही एआयएस-१४० चा नव्हता. पाण्याचा टँकर प्रवासी गाडी नाही, त्याला १२५-एच लागू नाही. टँकरवर जीपीएस येतं ते टंचाईच्या कामाच्या अटींमधून. पण डब्यांचा घाट सगळीकडे सारखाच, आणि उलट्या बटणाची युक्ती तेव्हा कुणी न सांगता मला सुचली याचा थोडा अभिमान आहे.

मी काय केलं सांगतो. नगरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून रीड स्विच आणला. घराच्या दाराला चोर-अलार्म लावतात तोच, चुंबक जवळ असलं की आतली पाती चिकटते, लांब गेलं की सुटते. टँकरच्या मागच्या वाल्वच्या दांड्याला चुंबक बसवलं, शेजारी पाइपाला स्विच. वाल्व मिटलेला असेल तर सर्किट जुळलेलं. वाल्व उघडला की तुटलेलं. तिथून वायर चॅसीला बांधत केबिनमध्ये आणली. फ्यूजमधून प्लस स्विचला, स्विचमधून डब्याच्या पहिल्या इनपुटला.

पहिल्याच फेरीचा रिपोर्ट बघून मामा हसायला लागले. वीस मिनिटांत वाल्व तीसेक वेळा उघडला-मिटला होता.

चूक माझी. पाती सुटल्यावर इनपुटची वायर कशालाच जोडलेली राहत नव्हती. अशी लोंबकळती वायर अँटेनासारखी वागते, जवळपासचा विजेचा गोंधळ गोळा करते आणि डब्याला कधी एक वाटतं, कधी शून्य. उपाय दहा किलोओहमचा एक रेझिस्टर, इनपुट आणि अर्थ यांच्यामध्ये. पाती सुटली की तो वायरीला शून्यावर ओढून धरतो. किंमत एका रुपयाच्या आसपास. हे मी तिसऱ्या वर्षाच्या पेपरात लिहून मार्क मिळवले होते, आणि टँकरखाली आडवं पडल्यावर विसरलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून ओळी स्वच्छ यायला लागल्या. रस्त्यावर १०००. विहिरीवर वाल्व उघडल्यावर ००००. पाणी संपून वाल्व मिटला की पुन्हा १०००. मी चार दिवसांच्या ओळी वहीत उतरवून काढल्या. किती वाजता, कुठल्या विहिरीवर, किती मिनिटं वाल्व उघडा. मामांनी ती वही ठेकेदाराला नेऊन दाखवली.

ठेकेदाराच्या माणसाने बघितलं. म्हणाला, आमच्या पोर्टलवर हा रकानाच नाही.

आणि तो खोटं बोलत नव्हता. डबा चार आकडे पाठवत होता, सर्व्हर ते आकडे घेत होता आणि टाकून देत होता. स्क्रीनवर नकाशा, हिरवी-लाल गाडी, थांब्यांची यादी. इनपुटांना जागाच नाही, कारण कुणी मागितलीच नव्हती. आज मीच अशी पोर्टलं लिहिणाऱ्या लोकांबरोबर काम करतो, त्यामुळे सांगतो. रकाना घालायला एक दुपार लागते. तो घालायचा हे ठरायला वर्षं लागतात.

आता तुम्ही म्हणाल, वाल्व उघडला म्हणजे पाणी पडलं हे तरी कशावरून? टँकर अर्धाच भरून आणला असेल तर? बरोबर. वाल्वचा स्विच एवढंच सांगतो की वाल्व उघडला. किती लिटर, ते नाही. ते मोजायला लोक पहिल्यांदा डिझेलचा सेन्सर सुचवतात, तो टाकीत सोडायचा दांडा. तो पाण्यात चालत नाही. तो दोन नळ्यांमधली विद्युतधारिता मोजतो. डिझेल वीज वाहून नेत नाही, विहिरीचं क्षारांचं पाणी नेतं, आणि दोघांच्या गुणधर्मात कितीतरी पटींचा फरक. पाण्याला वेगळा सेन्सर लागतो, नाहीतर तळाशी दाब मोजणारा. आणि दाब मोजला तरी आमच्या रस्त्यावर आकडा नाचत राहतो, कारण आतलं पाणीच नाचतं. सगळ्यात साधं म्हणजे बाहेर पडणाऱ्या पाइपावर मीटर, प्रत्येक ठरावीक लिटरला एक टिचकी देणारा. ती टिचकी त्याच डिजिटल इनपुटला जाते. चार कान रिकामेच आहेत.

इथे मला लातूरची पाण्याची रेल्वे आठवते. एप्रिल २०१६. केज तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण आटलं. धरण बीड जिल्ह्यात, पण त्याच्यावर लातूर शहर अवलंबून. मग मिरजेहून गाडी आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, एकूण पाच लाख. त्या पाण्याबद्दल कितीतरी वाद झाले, पण किती पाणी आलं यावर माझ्या तरी ऐकिवात वाद नाही. रूळ एकच, भरायची जागा एक, उपसायची जागा एक, सगळ्यांसमोर. टँकरला रूळ नसतात. म्हणून त्याला डबा लागतो, आणि डबा अर्धवट जोडला की त्याच्यावरून नवीन वाद.

वाळूचंही तेच. गेवराईकडे गोदावरीकाठची वाळू हा काय विषय आहे हे बीडच्या माणसाला सांगायला नको. राज्यात गौण खनिजाच्या गाड्यांना २०२२ पासून जीपीएस सक्तीचं झालं. डबा काढून दुसऱ्याच गाडीत फिरवल्याच्या गोष्टी चहाच्या टपरीवर ऐकायला मिळतात, खऱ्या किती ते तुम्ही ठरवा. पण तांत्रिक बाजूने बघितलं तर तिथेही प्रश्न रिकाम्या पिनांचाच. डबा सांगतो गाडी कुठे आहे. हौद भरलेला आहे की मोकळा, हौदाचा जॅक वर गेला का, हे त्याला माहीत नाही. जॅक वर गेला हे सांगायला एक स्विच पुरतो.

मला ब्रिटनच्या त्या लॉरीवाल्यांचं म्हणणं कळतं. पण मामांची केस पाहिल्यावर माझं मत थोडं वेगळं झालं. अर्धं बघणारा हेर सगळ्यात महाग पडतो, आणि तो पडतो गाडी चालवणाऱ्याला. कमी जोडण्या म्हणजे जास्त मोकळीक, असं होत नाही. रिपोर्टमधलं भोक कुणाच्या बाजूने वाचायचं हे बिल काढणारा ठरवतो.

मामांच्या नऊ फेऱ्यांचं काय झालं? सात मिळाल्या. डब्यामुळे नाही, माझ्या वहीमुळेही नाही. टँकरचं लॉगबुक असतं, त्यावर फेरीच्या फेरीला गावातल्या माणसाची सही घ्यायची असते. आमच्या वाडीवर विहिरीशी जी बाई पहिली उभी असेल ती सही करायची, लिहिता येत नसेल तर अंगठा. सात फेऱ्यांपुढे सह्या होत्या. मामी आणि तिघीचौघी जणी ग्रामसेवकाकडे गेल्या, लॉगबुक पुढे ठेवलं, आणि आपापल्या सह्या बोटाने दाखवल्या. दोन फेऱ्या रात्री उशिरा झाल्या होत्या, विहिरीवर सही करायला कुणी नव्हतं. त्या गेल्या त्या गेल्याच.

मामांनी २०२१ मध्ये टँकर विकला. स्विच आणि चुंबक काढून मला परत दिलं, अजून माझ्या टेबलावर आहे. पेन टाचण्या चिकटवायला बरं पडतं.

२०२४ च्या मे महिन्यात पुन्हा वाडीवर गेलो. पुन्हा टँकर, वेगळा, ड्रायव्हर माझ्याहून लहान पोरगा. विहिरीत पाणी पडत होतं आणि इंजिन चालू होतं. मी विचारलं, इंजिन का चालू ठेवलं रे?

"सर, बंद केलं की फेरी धरत नाहीत," तो म्हणाला.

मी त्याला म्हटलं, थांब, जरा खाली बघू दे. लाल आणि इग्निशन, दोन्ही एकत्र पिळलेल्या होत्या. माझ्याकडे टेस्टर नव्हता. गावात एकाकडून मल्टिमीटर आणला, तोवर त्याचं पाणी ओतून झालं होतं आणि तो पुढच्या फेरीला निघाला होता. संध्याकाळी परत आला तेव्हा जोडून दिलं. उरलेल्या चार वायरींना नवी टेप मारली, आणि पहिलीवर मार्करने लिहून ठेवलं, ‘वाल्वसाठी’.